फिट्ससाठी किटो डाएट: भाकरी बंद करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

निफाडकडच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा पाच वर्षांचा, वजन १५ किलो. दीड वर्षाचा असल्यापासून फिट्स येतात. सध्या तीन औषधं चालू आहेत, तरी दिवसातून पंधरा-वीस वेळा मान झटक्यात खाली पडते, कधी उभ्या उभ्या कोसळतो. कपाळावर टाक्यांच्या दोन खुणा आहेत. मुंबईच्या डॉक्टरांनी ‘किटो डाएटचा विचार करा’ म्हटलं. घरी येऊन मोबाइलवर बघितलं तर सगळे वजन कमी करणारेच दिसले. त्या विचारतात: हे खरंच औषध आहे का, बाहेरच्या देशांत करतात का? आमचं घर शाकाहारी, भाकरीशिवाय जेवण नाही, जमेल का? गोळ्या बंद होतील का? आणि एवढं तूप खाऊन मुलाच्या हृदयाला काही होणार नाही ना?

ताई, मी आहारतज्ज्ञ आहे. नाशिकमध्ये मुलांच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांसोबत सतरा वर्षं हे काम करते. एक गोष्ट आधीच सांगते: हे वाचून उद्यापासून घरी सुरू करू नका. का ते पुढे येईलच.

खरंच औषध आहे का? हो, आणि फिट्सच्या आजच्या बहुतेक औषधांपेक्षा जुनं आहे. उपास केला की फिट्स थांबतात, हे लोकांना फार पूर्वीपासून माहीत होतं. आपल्याकडे लंघन म्हणतात तेच. १९११ मध्ये फ्रान्समधल्या दोन डॉक्टरांनी उपास देऊन बघितलेल्या रुग्णांची नोंद छापली. पण मुलाला उपाशी ठेवून ठेवून किती दिवस ठेवणार? १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी युक्ती सुचवली की उपासात शरीरात जे घडतं, ते जेवू घालूनच घडवायचं. पीठ-साखर जवळजवळ बंद केली आणि स्निग्ध पदार्थ भरपूर दिले, की यकृत चरबीपासून किटोन बनवतं आणि मेंदू साखरेऐवजी त्यावर चालू लागतो. शरीराला वाटतं उपास चाललाय, पोट मात्र भरलेलं असतं. किटोनमुळे फिट्स नेमक्या कशा आवरतात यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. पण आवरतात, हे मोजलेलं आहे.

(उपासावरून आठवलं. पहिल्या भेटीत हमखास कुणीतरी विचारतं, ‘मग एकादशीला साबुदाण्याची खिचडी चालेल ना?’ साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. या डाएटच्या दृष्टीने आपला फराळी उपास म्हणजे उलटी गंगा.)

मग १९३८ मध्ये फेनिटॉइन हे औषध आलं. गोळी गिळणं आणि ताटातला प्रत्येक घास तोलणं, यातलं सोपं काय ते सांगायला नको. डाएट मागे पडलं. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्ससारख्या मोजक्या ठिकाणी ते जेमतेम टिकलं. १९९३ मध्ये हॉलिवूडचे दिग्दर्शक जिम अब्राहम्स आपल्या चार्ली नावाच्या लहान मुलाला तिथे घेऊन गेले. त्याच्या फिट्स औषधांनी थांबत नव्हत्या, डाएटवर थांबल्या. वडिलांनी पुढच्याच वर्षी मुलाच्या नावाने संस्था काढली आणि जगभर या डाएटचं नाव पुन्हा निघालं. पण एका मुलाची गोष्ट ऐकून मी कुणाचं ताट बदलत नाही. माझ्या मते खरं वळण २००८ चं. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या गटाने १४५ मुलांवर रीतसर चाचणी केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, एका गटाला लगेच डाएट, दुसऱ्याला तीन महिने थांबून. तीन महिन्यांनी डाएटवरच्या ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या होत्या. थांबलेल्या गटात हे प्रमाण होतं ६ टक्के.

आता ‘बाहेरच्या देशांत’. तिथे सगळीकडे एकच डाएट चालतं असं नाही, प्रत्येकाने ते आपल्या स्वयंपाकघराप्रमाणे वाकवून घेतलंय. ब्रिटनमध्ये एमसीटी नावाच्या तेलावरचा प्रकार बराच चालतो. ते तेल किटोन लवकर बनवतं, त्यामुळे थोडं जास्त पीठ खाता येतं. (खोबरेल म्हणजे एमसीटी नव्हे. त्यात तो अंश थोडाच असतो. दुकानदार काहीही सांगो.) जपानमध्ये बाळांसाठी किटोन फॉर्म्युला नावाची खास दूध पावडर आहे. भात हाच जेवणाचा कणा असलेल्या आशियाई देशांत सगळ्यांची अडचण तुमच्यासारखीच होती. २००३ मध्ये हॉपकिन्सच्याच एरिक कोसॉफ यांनी सुटसुटीत प्रकार मांडला, मॉडिफाइड अ‍ॅटकिन्स. त्यात फक्त कार्ब, म्हणजे पीठ-साखरेचा अंश, मोजायचे, बाकी तोलायची कटकट बरीच कमी. त्याने आपल्यासारख्या देशांचं दार उघडलं. दिल्लीच्या एम्सने २०१३ मध्ये १०२ मुलांवरचा अभ्यास छापला: या डाएटवर ५२ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या, नुसत्या औषधांवर ११.५ टक्के. आणि ती मुलं पोळी-भाताच्या घरांतलीच होती. त्यामुळे ‘हे गोऱ्यांचं आहे, आपल्याला जमायचं नाही’ असं कुणी म्हटलं तर हा आकडा सांगा.

२०२० मध्ये एम्सनेच आणखी १७० मुलांवर तीन प्रकार शेजारी ठेवून बघितले: मूळ कडक किटो, मॉडिफाइड अ‍ॅटकिन्स, आणि लो ग्लायसेमिक, म्हणजे हळू पचणारे कार्ब थोडे जास्त देणारा. चोवीस आठवड्यांनी फिट्समधली घट मध्यममानाने अनुक्रमे ६६, ४५ आणि ५४ टक्के. कडक प्रकार थोडा वरचढ दिसतो, पण दुष्परिणाम लो ग्लायसेमिकमध्ये कमी झाले. यातून मी एवढंच घेते की ज्या घराला जे दोन वर्षं झेपेल ते द्यावं.

कडक म्हणजे किती कडक, ते तुमच्या मुलाच्याच वजनावर दाखवते. चारास एक प्रमाण म्हणजे चार ग्रॅम फॅटमागे प्रोटीन आणि कार्ब मिळून एक ग्रॅम. दिवसाच्या १००० कॅलरी धरल्या तर १०० ग्रॅम फॅट, आणि बाकी सगळं मिळून २५ ग्रॅम. त्यात वाढीसाठी प्रोटीन किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे १५ गेले. कार्बला उरले १०. दिवसभराचे. बाजरीच्या ४० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण २५ ग्रॅम कार्ब असतात. तुमच्या बागेतल्या १०० ग्रॅम द्राक्षांत १६ ते १८. म्हणजे मूठभर द्राक्षांत दिवस संपला. चार जेवणांतलं एक जेवण अंदाजे असं बसतं: १८ ग्रॅम पनीर, ६० ग्रॅम दुधी, २१ ग्रॅम तूप. पनीर किती, तर फाशाएवढे तीन-चार तुकडे. पहिल्यांदा ताटलीत हे मांडून दाखवते तेव्हा आया ताटलीकडे बघतात, मग माझ्याकडे. ‘एवढंच?’ एवढंच, पण त्यातल्या तुपानेच भूक मरते. आठवड्याभरात मूल खायला मागत नाही अशी तक्रार येते.

तुमच्या घरासाठी बहुधा मी मॉडिफाइड अ‍ॅटकिन्सपासून सुरुवात सुचवेन. आई छाटणीला, खुड्याला मळ्यात जाते, पंगतीला आठ माणसं, अशा घरात प्रत्येक घास तोलणं पहिल्याच महिन्यात मोडतं, हे मी बघितलंय. दोन वर्षांच्या आतली बाळं, नळीने दूध घेणारी मुलं, किंवा मेंदूपर्यंत साखर पोहोचवणाऱ्या प्रथिनात जन्मतः दोष असलेली ग्लट-वनची मुलं, यांना मात्र कडकच. ग्लट-वनमध्ये तर गोळ्यांच्याही आधी हेच औषध. तुमच्या मुलाचा सिंड्रोम कोणता, लेनॉक्स-गॅस्टॉ की डूज की आणखी काही, ते ईईजी बघून डॉक्टर ठरवतील. झटक्यात कोसळण्याच्या फिट्समध्ये या डाएटचा अनुभव चांगला आहे, डूजमध्ये तर विशेष.

शाकाहारी जमतं. बेसन, मटकी, बटाटा, गूळ, साबुदाणा, पोहे बाहेर. पनीर, साय, लोणी, घट्ट दही मोजून, शेंगदाणे मोजून, तीळ, जवस, ओलं-सुकं खोबरं, मेथी, पालक, दुधी, काकडी, कोबी आत. भाकरीच्या जागी जवसाचं आणि तिळाचं पीठ, थोडं इसबगोल, कोमट पाण्यात मळून तव्यावर थापायचं. पहिल्या दिवशी तुटते, चौथ्या दिवशी जमते, आणि मुलाला गोल काहीतरी मोडून खायला मिळतं, ते फार महत्त्वाचं. शेंगदाण्याचा ठेचा तेलात खमंग परतून. बेसन न लावलेली कढी. पंचवटीतल्या एका मुलाने मिसळीसाठी तीन दिवस रडून घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी पनीरचे तुकडे, वर त्याच्या आजीची तर्री, फरसाणाऐवजी तळलेलं खोबरं, अशी वाटी केली. तर्रीवर तेल जास्त आलं म्हणून कुणी खूश होण्याची नाशिकमधली ती पहिली वेळ नसेल, पण आहारतज्ज्ञ खूश झाल्याची बहुतेक पहिलीच.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी तक्त्यात ‘अर्धी वाटी दही, एक वाटी पालेभाजी’ असं लिहायची. एका मुलाचे किटोन काही केल्या चढेनात. आई शपथेवर सांगे की तक्त्याबाहेर काही दिलं नाही. मी मनातल्या मनात तिच्यावर संशय घेतला. एक दिवस तिला म्हटलं, घरची वाटी आण. आणली, तर माझ्या वाटीच्या जवळजवळ दुप्पट. ती बाई अक्षरशः माझ्या तक्त्याप्रमाणेच चालली होती. तेव्हापासून वाटी-चमचा बंद. काही शे रुपयांचा डिजिटल काटा, एक ग्रॅम दाखवणारा, हे मी औषधाच्या चिठ्ठीतच लिहिते. अ‍ॅटकिन्स प्रकारातही, निदान पहिले दोन महिने.

दुसरी चोरवाट बाटल्यांतली. फिटची पातळ औषधं, खोकल्याचं सिरप, व्हिटॅमिनचं गोड टॉनिक, यांत साखर असते. दिवसाला दहा ग्रॅमचा हिशोब असेल तर दोन-तीन चमचे सिरप पुष्कळ झालं. शक्य तिथे डॉक्टर तेच औषध गोळीत देतात. ते आपण बदलायचं नाही, विचारायचं.

तिसरी चोरवाट प्रेमाची. सिन्नरकडच्या एका मुलाची लघवीतले किटोन दाखवणारी पट्टी आठवडाभर गडद जांभळी यायची आणि दर शनिवारी संध्याकाळी फिकी पडायची. रविवारी फिट्स. महिनाभर हिशोब लागेना. मग कळलं, शनिवारी आजोबा नातवाला मारुतीला नेत आणि प्रसादाचे चार साखरफुटाणे हातावर ठेवत. ‘देवाचं काय बाधतंय’ असं त्यांचं म्हणणं. मी आजोबांना रागावले नाही. पट्टीचा कागद आणि फिट्सची वही शेजारी ठेवून तारखा दाखवल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारपासून खिशात खोबऱ्याचा तुकडा नेऊ लागले.

आता मी सुरुवातीला ‘उद्यापासून करू नका’ का म्हटलं ते. काही मुलांच्या शरीराला जन्मतःच चरबी जाळता येत नाही. अशा मुलाला हे डाएट दिलं तर जिवावर बेतू शकतं. वरून मूल साधंच फिटचं मूल दिसतं. म्हणून आधी रक्ताची टीएमएस तपासणी, लघवीतली ऑरगॅनिक अ‍ॅसिड्स, शिवाय यकृत, मूत्रपिंड, कॅल्शियम, कोलेस्टेरॉल आणि बहुतेकदा पोटाची सोनोग्राफी. तुमची तीन औषधं कोणती तेही बघावं लागेल. टोपिरामेट असेल तर रक्तातली आम्लता आणि मूतखड्याकडे जास्त लक्ष, व्हॅल्प्रोएट असेल तर यकृत आणि कार्निटीनकडे (चरबी जाळायला शरीराला लागणारा घटक). एमआरआयमध्ये एकाच जागी डाग असेल आणि शस्त्रक्रियेने फिट्स थांबण्याची चांगली शक्यता असेल, तर डाएटमध्ये वर्ष घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फिट्स थांबल्या नाहीत, की त्याला औषधांना न जुमानणारा अपस्मार म्हणतात. तिथे पोहोचल्यावर तिसरी-चौथी गोळी वाढवत बसण्यापेक्षा डाएट आणि शस्त्रक्रिया दोन्हींचा विचार एकदमच व्हायला हवा. आपल्याकडे मुलं डाएटपर्यंत फार उशिरा येतात. फिट आली की नाकाशी कांदा धरण्यात, अंगारे-धुपाऱ्यांत वर्षं जातात, मग औषधं बदलण्यात. कांद्याचा जिल्हा म्हणून कांदा फुकट वाया घालवू नका. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना.

सुरू करताना पूर्वी दोन दिवस उपाशी ठेवत. आता बहुतेक ठिकाणी तसं करत नाहीत, प्रमाण हळूहळू चढवतात. कडक प्रकाराला मी काही दिवस भरतीच पसंत करते. पहिल्या आठवड्यात मूल मलूल होतं, उलट्या होतात, साखर उतरू शकते.

हृदयाचं विचारलंत. कोलेस्टेरॉल सुरुवातीला वाढतं, बऱ्याच मुलांत पुढे खाली येतं. दर तीन महिन्यांनी बघतो, आणि वाढलं तर तुपाचा वाटा कमी करून शेंगदाणा-तिळाचं तेल वाढवतो. मला जास्त धास्ती हृदयापेक्षा मूतखडा आणि उंचीची. पाणी भरपूर द्या. जगातल्या अनेक केंद्रांत खडा होऊ नये म्हणून पोटॅशियम सायट्रेट देतात, आमचे डॉक्टरही देतात. उंची-वजन दर भेटीला. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि साखर नसलेलं मल्टिव्हिटॅमिन रोज, कारण या ताटातून ती पुरेशी मिळत नाहीत. बद्धकोष्ठता बऱ्याच मुलांना होते.

आजारपणाची तयारी आधी करून ठेवा. ताप-जुलाबात गावच्या दवाखान्यात पहिलं काम ग्लुकोजची सलाईन लावण्याचं होतं, आणि सगळे किटोन तासाभरात खाली. मी प्रत्येक मुलाच्या पिशवीत डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी ठेवायला लावते: मूल कोणत्या डाएटवर आहे, शक्य तर साधी सलाईन, साखर तपासत राहा, गरज पडल्यास ग्लुकोज जरूर द्या, आणि खाली फोन नंबर. मूल सुस्त पडलं, खोल जोरजोरात श्वास घेऊ लागलं किंवा उलट्या थांबत नाहीत, तर पट्टीचा रंग बघत बसू नका, तडक न्या. तिथल्या डॉक्टरांना साखर द्यावीशी वाटली तर देऊ द्या, डाएट पुन्हा बसवता येतं.

गोळ्या. आजची एकही गोळी कमी करायची नाही. क्लोबाझामसारखं औषध एकदम बंद केलं तर न थांबणारी फिट येऊ शकते. डाएट लागू पडलं, फिट्स काही महिने आवाक्यात राहिल्या, तर डॉक्टर एकेक औषध हळूहळू उतरवतात. काही मुलं नुसत्या डाएटवर येतात, बरीचशी एखाद्या औषधावर राहतात. फिट्स तेवढ्याच राहिल्या पण एक औषध सुटलं आणि मूल दिवसभर जागं राहू लागलं, त्याचंही आईबापांना किती अप्रूप असतं ते मी बघितलंय.

अपेक्षा किती ठेवायची? साधारण निम्म्या मुलांच्या फिट्स निम्म्याने तरी कमी होतात, थोड्यांच्या पूर्ण थांबतात, उरलेल्यांना काही उपयोग होत नाही. तुमचं मूल कशात बसेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तीन महिने मनापासून. वहीत रोजच्या फिट्स. तीन महिन्यांत काहीच फरक नसेल तर मी स्वतः बंद करायला सांगते, आणि बंदही हळूहळू. उपयोग झाला तर साधारण दोन वर्षं, मग कार्ब थोडे थोडे परत.

पहिल्या भेटीला येताना हे आणा: तीन दिवसांत मुलाने काय काय खाल्लं ते वेळेसकट लिहिलेली वही, फिटचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ, एमआरआय-ईईजीचे कागद, घरातल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या (खोकल्याच्यासुद्धा), आणि घरची वाटी. मुलाला दुपारी कोण भरवतं? आजी असतील तर त्यांनाही घेऊन या. तक्ता मी त्यांच्याशीच बोलून करणार आहे.